डावी पाकळी

निपाणी, ता. १२ जुलै १९३६

रवळू,

पत्राच्या डोक्यावर 'सप्रेम नमस्कार' घालायची रीत आहे. घालायला गेलो, पण टाक पुढे सरकेना. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. तेवढ्यावर समाधान मान.

कौल होऊन महिना उलटला. इतके दिवस मी गप्प होतो तो राग गिळून नव्हे. मला वाटत होतं, तू येशील, निदान कुणाच्या हाती चार ओळी पाठवशील. मुलांना इतिहास शिकवताना माझं निम्मं लक्ष शाळेच्या फाटकाकडे असायचं. तू आला नाहीस. गुन्हेगार माणूस आपणहून फौजदाराच्या दारात कशाला येईल म्हणा.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण तू ते कानांनी ऐकलंस, मनात घेतलंस असं दिसत नाही. कोबे शहरातल्या हिंदी व्यापाऱ्यांचं मंडळ दरसाल आपल्याकडच्या एका मुलाला जपानात शिकायला नेतं. आजवर जे गेले ते काच ओतायला नाहीतर काड्यापेट्या करायला शिकायला गेले. त्या देशाचा इतिहास, तिथली देवळं, सणवार, रीतीभाती शिकायला म्हणून मंडळानं पहिल्यांदा कुणाला घेतलं असेल तर ते मला. सुबरावांनी माझ्यासाठी शब्द टाकला. ऐन उमेदीची वर्षं कोबेत एका पेढीवर कारकुनी करून आलेला तो माणूस, आता निपाणीत तंबाखूच्या वखारीवर बसतो. संध्याकाळी वखार बंद झाली की तंबाखूच्या खकाण्यात शिंकत शिंकत त्यानं मला जपानी शिकवलं. कॉलेजात होतो तेव्हापासून मी दुसरं काही डोक्यात येऊ दिलं नाही.

लोक हसले. बेळगावच्या बाजारात जपानी बाहुल्या आणि कपबश्या आल्यात ना, तेवढंच लोकांना माहीत. "मास्तर, तिथं जाऊन भावल्या करायला शिकणार काय?" असं मला आमच्या हेडमास्तरांनीसुद्धा विचारलं. तू हसला नाहीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझ्या सोप्यावर बसून मी दोन काड्यांनी भात खायचा सराव करायचो, त्या काड्या तू विळ्यानं तासून गुळगुळीत करून दिल्यास. तुझी आई म्हणायची, ह्याच्या हाताला काय झालंय? आणि तू तिला समजावायचास की त्या मुलखात जेवताना अन्नाला हात लावला तर पाप लागतं. मी कितीदा सांगितलं की पापाचा काही संबंध नाही. पण गुरवाच्या पोराला पाप घातल्याशिवाय गोष्ट सांगता येत नाही.

तिथल्या देवळातही देवाला विचारतात, हे सांगितलं तेव्हा तू काम टाकून ऐकत बसलास. चिठ्ठी काढायची, आणि वाईट निघाली तर देवळातल्याच झाडाला बांधून घरी जायचं. "शानी माणसं हाईत," असं तू म्हणालास. मला त्या दिवशी वाटलं, साऱ्या गावात मी का जातोय हे कळणारा तू एकटा आहेस.

मंडळाची अट एकच होती. घरच्या वडीलधाऱ्याची लेखी संमती पाहिजे. मागे एका मुलाच्या घरच्यांनी, आमचा पोरगा पळवला म्हणून ओरड केली होती, तेव्हापासून ते अडून बसतात. आप्पांनी कागद हातातही घेतला नाही. म्हणाले, रवळनाथ देईल तर मी देतो. मी समजावलं, भांडलो, जेवण सोडून उठलो. ते एकच सांगत राहिले. मष्णूकाकाला डावा, म्हणजे नकाराचा, कौल पडला होता, तरी तो बेळगावच्या छावणीत जाऊन भरती झाला, बसऱ्याच्या लढाईला गेला, आणि आजतागायत काकी कुंकू लावावं की पुसावं या घोरात आहे.

मी बी.ए. झालेला माणूस. माझं पुढचं आयुष्य फुलाच्या दोन पाकळ्यांवर ठरू द्यायला मी तयार नव्हतोच. तयार केलंस ते तू. तळ्याच्या काठावर मला बाजूला घेऊन काय म्हणालास, आठवतं? मला शब्द न् शब्द आठवतो. "कौल मान, परसू. आप्पाच्या म्होरं नगो म्हणू नगंस. पाकळ्या माझ्याच हातानं लावायच्या हाईत न्हवं?" कमी ओली पाकळी आधी सुटते, चांगली भिजलेली चिकटून राहते, हेही तूच सांगितलंस. मी विचारलं नव्हतं. मी तुला असलं काही करायला कधी सांगितलं नसतं.

म्हणून मी घरी येऊन आप्पांना म्हणालो, चालेल, देवाला विचारू. आईला किती आनंद झाला. पोरगं शिकलं तरी बिघडलं नाही, असं तिनं शेजारी सांगितलं.

आणि मग तो दिवस. पेरण्या आटोपलेल्या, त्यामुळे सगळा गाव देवळात. तू सोवळं नेसून गाऱ्हाणं घातलंस, पाकळ्या बुडवल्यास, देवाच्या छातीवर उजवीकडे एक आणि डावीकडे एक लावलीस आणि मागे सरलास. मी डोळे मिटलेसुद्धा नाहीत, इतका निर्धास्त होतो. मी मनात बोटीचं सामान बांधत होतो. आणि डावी पाकळी सुटली, पायरीवर पडली. मी तुझ्याकडे पाहिलं. तू घंगाळ उचलून पाणी आणायला निघून गेलास.

एवढंच विचारायचंय. तुला काय कमी पडलं होतं? नको म्हणायचं होतं तर तळ्यावरच म्हणायचं होतंस. मी कौल मानलाच नसता, आप्पांशी आणखी भांडलो असतो, एखाद्या दिवशी ते वैतागून हो म्हणालेही असते. आता साऱ्या गावासमोर देवानं नाही म्हटलंय. आता ब्रह्मदेव आला तरी आप्पा कागदाला अंगठा लावणार नाहीत. माझा पाय तू कुठे अडकवलास हे तुला बरोबर कळतं.

उत्तर दे. तेवढी तरी लाज ठेव.

परसू


निपाणी, ता. २९ जुलै १९३६

रवळू,

उत्तर आलं नाही. पण मला आता उत्तराची गरजही उरलेली नाही.

नागपंचमीला धाकट्या अंजनीला माहेरी न्यायला मी येळ्ळूरला गेलो होतो. गावात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलंय, म्हणून तिच्या दीराच्या गाडीतून तिला पुढे धाडलं आणि मी तिथूनच परतलो. निघण्याआधी आम्ही दोघं तिच्या परसात बसलो होतो. ती म्हणाली, दादा, तू देवावर रागावला असशील तर रागावू नकोस. मी म्हणालो, देवाला मी ओळखतही नाही, माझा राग आहे तो रवळूवर. तशी ती शेवग्याची पानं ओरबाडत बसली. अंजनी गप्प झाली की तिच्या पोटात काहीतरी असतं, हे तुलाही लहानपणापासून माहीत आहे.

मग तिनं सांगितलं. कौलाच्या आदल्या सांजेला आप्पा तुझ्या घरी आले होते. आईला सांगून निघाले की बैल बघायला चाललोय. कौलासाठी माहेरी आलेली अंजनी तुझ्या आईकडे विरजण मागायला आली, तर आप्पा तुझ्या सोप्यावर बसलेले. तिला पाहून तुम्ही दोघं बोलायचे थांबलात.

बैल बघायला. आप्पांना माझ्यासमोर खोटं बोलताना मी कधी पाहिलं नाही, आणि ज्याच्यासाठी बोलले तो तू.

तर आता सगळा हिशेब लागला. मला सकाळी शब्द दिलास आणि संध्याकाळी आप्पांना दिलास. त्यांचं ऐकलंस, कारण ते गावात राहणार आणि मी जाणार. जाणाऱ्याशी कोण इमान ठेवतो. पुढच्या जत्रेला तुझ्या दारात भाताची पोती टाकणारे आप्पाच आहेत, मी थोडाच आहे. हे मी रागानं लिहितोय असं समजू नकोस. रागाचा भर ओसरला, आता नुसती शिसारी उरलीय.

आणि आप्पांबद्दल काय लिहू? देव देईल तर देतो, असं सांगून मला त्या गाभाऱ्यासमोर उभं करणारा माणूस आदल्या दिवशी देवाचं तोंड दाबून आला. मी तिथे हात जोडून उभा असताना ते माझ्या शेजारी हात जोडून उभे होते. माझ्याभोवती जी दोन माणसं मी माझी म्हणत होतो, ती दोन्ही त्या दिवशी ठरवून आली होती.

सुबराव म्हणतात, मंडळ दसऱ्यापर्यंत जागा राखेल. त्यानंतर पुण्याचा एक मुलगा तयारच आहे, त्याला पाठवतील. पासपोर्टाचे कागद होऊन पडलेत, अडलंय ते फक्त त्या एका अंगठ्यावर. तेव्हा तुला एकच वाट ठेवतो. पंचांना जमव आणि कौल माझ्या हातानं पाडला असं सांग. सांगितलंस तर मी गप्प बसेन. नाहीतर मी स्वतः येऊन देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगेन, मग तुझ्या घरात पुढे कुणी गुरवकी करेल की नाही ते माझ्या हातात नाही.

धमकी आहे. धमकीच समज.

परशराम


निपाणी, ता. ६ सप्टेंबर १९३६

रवळू,

तू मोटारीत बसून गेलास त्याला दोन दिवस झाले. समोर होतास तेव्हा सगळं बोलून झालं नाही, म्हणून लिहितो.

तुला शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभा ठेवला तो मुद्दामच. वर्गाच्या खिडकीतून दिसत होतास. डोक्यावर घोंगडं, हातात नारळाची पिशवी, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला वाट करून देत भिंतीला चिकटलेला. शिपाई दोनदा सांगायला आला. मी त्याला म्हणालो, थांबू दे. मला बरं वाटत होतं. तुला कळावं म्हणून सांगतो.

विहिरीच्या कट्ट्यावर बसलो तेव्हा मी सगळी तयारी करून बसलो होतो. तू पाया पडशील, आप्पांचं नाव पुढे करशील, मग मी काय बोलेन ते सगळं पाठ होतं. आणि तू बोललास ते भलतंच.

"तुझा बा माझ्या पायाला हात लावाय वाकला, परसू. माझ्या बाच्या वयाचा माणूस. डावं पाड म्हणाला. मी बघतो म्हणालो. तुलाबी मी आपणहून सबूद दिलतो. रातभर डोळा लागला न्हाय. सकाळच्याला गाभाऱ्यात गेलो आनी दोन्ही पाकळ्या एकाच तांब्यात सारक्या बुडीवल्या, सारक्या लावल्या. तुमी दोगंबी माझ्या मागं हुबा हुतासा. मी कुनाचाच झालो न्हाय."

मी विचारलं, मग डावी कशी पडली? तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी पोरकट काहीतरी विचारलं. "द्येवानं पाडली," म्हणालास.

मी तुला खोटारडा म्हणालो. शेंडीला गाठ मारून चार पिढ्या हेच करत आलात म्हणालो. तू ऐकून घेतलंस, नारळ कट्ट्यावर ठेवलास आणि मोटारीची वेळ झाली म्हणून उठलास. तू गेल्यावर मी खूप वेळ तुझ्या बोलण्यात फट शोधत होतो. सापडली नाही. तुला खोटं बोलताना मी पाहिलंय. लहानपणी आंबे चोरलेस की तू बोलता बोलता कान चोळायचास. परवा तू एकदाही कानाला हात लावला नाहीस. आणि खोटंच बोलायचं असतं तर एवढा खर्च करून, आयुष्यात कधी निपाणी न पाहिलेला तू, घोंगडं पांघरून इथवर आला नसतास. आप्पांनी करायला लावलं, एवढं म्हणाला असतास तरी मी अर्धा विरघळलो असतो.

म्हणजे त्या गर्दीत एकटा तूच देवाला विचारत होतास. मी आणि आप्पा दोघंही आपापली सोय लावून आलो होतो.

पण यानं तू सुटलास असं समजू नकोस. मला यात आणखीच फसवल्यासारखं वाटतंय. चोर निघाला असतास तर तुला शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता काय करू? शब्द तू मला दिला होतास, रवळू. देवाला दिला नव्हतास. त्या तांब्यात हात घालताना तुला माझं पुढचं आयुष्य दिसलं नाही, दिसलं ते स्वतःचं सोवळं. मी तुझा जीव की प्राण असताना तू स्वतःला निर्मळ ठेवायचं ठरवलंस. सारखं लावून मोकळा झालास, आणि जे पडलं ते उचलायला मला ठेवलंस. आप्पांनी निदान मला धरून ठेवण्यासाठी पाप केलं. तू माझ्यासाठी तेवढंही केलं नाहीस.

पंचांना काही सांगू नकोस. काय सांगणार? कौल खरा होता म्हणून?

नारळ सुबरावांच्या घरी दिला. मला तो खाववला नाही.

परसू


निपाणी, ता. २७ ऑक्टोबर १९३६

रवळू,

दसऱ्याला गावात आलो होतो, तुला भेटलो नाही. तू सोनं द्यायला दारात आलास तेव्हा मी गोठ्यात होतो. आईनं खोटंच सांगितलं की मी शिवारात गेलोय. पण तुला ठाऊक असलं पाहिजे असं बरंच घडलंय, म्हणून लिहितो. हे पत्र वाचून चुलीत घाल.

मी आप्पांना तोंडावर विचारणार होतो. पण घरात पाऊल टाकलं आणि पाहिलं तर माणूस निम्मा झालाय. आई म्हणाली, पेरणीपासून असंच चाललंय. जेवतात, काम करतात, पण देवळात जात नाहीत. पालखीच्या दिवशीही देवळाबाहेर चिंचेखाली उभे राहिले, आत या म्हटलं तर पायाला चिखल आहे म्हणाले. गावाला वाटतं, पोरगा तुटला म्हणून झुरतायत.

गोठ्यात बैलाच्या पाठीला हळद लावत होते, तिथे मी विचारलं. कौलाच्या आदल्या दिवशी तुम्ही रवळूकडे कशाला गेला होता? ते चमकले नाहीत. हात पुसले आणि म्हणाले, "व्हय. डावं पाड म्हणून सांगाय गेलतो." मी म्हणालो, मग देवावर विश्वास आहे असं कशाला म्हणता? तेव्हा जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"इस्वास हाय म्हणूनच गेलतो, पोरा. उजवं पडलं असतं तर तुला धरून ठेवाय माझ्याजवळ काय उरलं असतं?"

मग त्यांनी सांगितलं, देवाला फसवल्यापासून गाभाऱ्याकडे मान वर करून बघवत नाही. देवाच्या मनात उजवं असेल आणि आपण ते दाबलं असेल, तर आता तुला अडवणं म्हणजे पापावर पाप. आतून दौत मागवली. मंडळाचा कागद माझ्या पिशवीतच होता. तो मी गोठ्याच्या मेढीवर धरला आणि आप्पांनी अंगठा लावला. हळदीचा पिवळा डाग आणि त्यावर शाई. निपाणीला आल्यावर तो सुबरावांना दाखवला, ते म्हणाले, चालतंय की.

आता खरं काय ते लिहितो. आप्पा दौतीत अंगठा बुडवत होते तेव्हा मला त्यांना सांगता आलं असतं. आप्पा, रवळूनं तुमचं ऐकलं नाही, तुम्ही देवाला फसवलेलं नाही, देवानंच डावं दिलं. एवढ्या एका वाक्यानं तो माणूस त्याच क्षणी देवळात पळत गेला असता. मी बोललो नाही. त्यांनी मला फसवलं होतं. त्यांच्याच फसवणुकीनं माझा रस्ता मोकळा होत होता, तर मी तो का अडवू? मला यात काही वावगं वाटत नाही, निदान आज तरी वाटत नाही. तिकडे गेल्यावर, चार वर्षांनी शिकून परत आल्यावर मी स्वतः त्यांच्या पायाशी बसून सांगेन. तोवर राहू दे.

हे तुला कळवायचं कारण एकच. गावात हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल तर ते तुला. तू बोलू नकोस. तुला माझ्यासाठी पाकळी कमीजास्त भिजवायला जमलं नाही, बरं. आता काही करायचंही नाहीये. नुसतं गप्प बसायचंय. एवढं तरी तुला जमेल असं मी धरून चालतो. तुझ्याकडे माझं हे शेवटचं मागणं.

बोट कार्तिकात मुंबईहून सुटते. सुबराव मला लोकरीचे कपडे शिवायला सांगतायत आणि रोज नवं काहीतरी आठवून सांगतायत. दारात चपला काढून त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला फिरवून ठेवायची, वाडग्यात काड्या उभ्या खुपसायच्या नाहीत, तसं फक्त मेलेल्यापुढे करतात. मला आनंद झालाय, रवळू. इतक्या महिन्यांनी झालाय. तो तुझ्याजवळ बोलावा असं वाटलं आणि त्याचाच राग आला.

परसू


मुंबई, ता. १९ नोव्हेंबर १९३६

रवळ्या,

बेळगावच्या स्टेशनावर आप्पा एकटे आले होते. आई घरीच राहिली, तिला बघवणार नाही म्हणाले. गाडीला वेळ होता. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि आधी मला बरंच वाटलं. माणूस पुन्हा पहिल्यासारखा दिसत होता. दाढी केलेली, स्वच्छ पटका, आणि कपाळाला रवळनाथाचा अंगारा.

मग त्या अंगाऱ्याचा अर्थ डोक्यात आला. मी म्हणालो, देवळात गेला होता? म्हणाले, "रवळू आलता. सगळं सांगिटलंन. माझ्या हातनं पाप झालंच न्हवतं, पोरा. द्येवाला कुनीच फसीवलं न्हवतं." असं म्हणून हसले. मी त्यांना असं हसताना पेरणीच्या आधी पाहिलं होतं.

मला वाटलं, आता कागद परत मागतील. मी पिशवीवर हातही ठेवला. पण आप्पांनी मागितला नाही. म्हणाले, अंगठा दिला तो दिला, तो मोडत नाही. आणि मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. सामानाजवळ बसले, माझा हात हातात घेऊन नखं बघत राहिले. मी काहीबाही बोलत होतो. दर महिन्याला पत्र टाकेन, येळ्ळूरला जाऊन अंजनीकडून वाचून घ्या. ते हो हो म्हणत होते, मूल काही मागतं तेव्हा म्हणतात तसं. मग म्हणाले, मष्णूलाही इथनंच बसवून दिला होता. त्याचा फेटाही असाच नवा होता.

गाडी आली. मी डब्यात चढलो, खाली वाकून म्हणालो, येतो, आप्पा. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे कुणी येतो म्हटलं की 'ये' म्हणतात. मी शाळेला निघालो तरी, शेताला निघालो तरी त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही. माझ्या गालावरून हात फिरवून ते म्हणाले, "जा, बाळा." आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागले. प्रेत पोचवून परत निघालेला माणूस मागे वळून पाहत नाही, तसं त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मी सारी वाट तसाच बसून होतो. शेजारच्या बाईनं मला पाणी दिलं, कुणी वारलं काय म्हणून विचारलं.

तुला हे कसं कळत नाही? त्यांच्या मनावरचं ओझं उतरवायला गेलास. चांगलं माणूस आहेस तू, तुझ्यासारखं चांगलं माणूस मी कुठे पाहिलं नाही, आणि मला तुझा तिरस्कार वाटतो. पाप केलंय असं वाटत होतं तोवर आप्पांना माझी आशा होती. देवाच्या मनात उजवं असेल, पोरगा शिकून येईल, अशी आशा. तू जाऊन सांगितलंस की देव खरंच नाही म्हणाला होता. मष्णूकाकाला म्हणाला होता तसाच. आप्पांनी आता पाप धुऊन टाकलंय आणि मला सोडून दिलंय. उद्या माझं पत्र पोचलं तरी ते अंजनीकडून ऐकतील आणि मनात म्हणतील, पुढचं येणार नाही. मी तिथे शिकत असेन, हिंडत असेन, आणि घरी मी रोज थोडा थोडा मेलेला असेन. चार वर्षं हे त्या माणसाला पेलेल?

पहिल्यांदा तू मला अडवलंस. मला वाटलं होतं, त्याहून मोठा घात नसतो. आता मला जाऊ देऊन केलास तो त्याहून मोठा आहे.

काल सुबरावांच्या ओळखीच्या एकाच्या खोलीवर उतरलो. तिथेच बसून हे लिहितोय. परत फिरावं असंही मनात आलं. पण परत गेलो तर आप्पा म्हणतील देवानं राखलं, आणि मी जन्मभर त्या पाकळीच्या उपकाराखाली गावात शाळामास्तर म्हणून राहीन. ते मला जमणार नाही. मी जातोय. जाण्यासाठी मी बापाच्या पापाचा फायदा घेतला, आता मागे फिरलो तर तेही फुकट गेलं.

तेव्हा तुझ्याकडे मागतो. मागच्या पत्रात शेवटचं मागणं म्हणून लिहिलं होतं, ते तू पाळलं नाहीस, म्हणून हे आणखी एक. पत्र मिळेल त्या सकाळी आमच्या घरी जा. आप्पांना बाजूला घे आणि सांग, आप्पा, त्या दिवशी मी तुमची समजूत काढायला खोटं बोललो. तुमच्या शब्दाखातर डावी पाकळी मीच कमी भिजवली होती. देव काहीच बोलला नव्हता. कान चोळू नकोस, ते ओळखतील.

ते पुन्हा देवळाबाहेर चिंचेखाली उभे राहतील. राहू देत. जेवण कमी होईल, आई मला शिव्याशाप देईल, ते सगळं चालेल. आपण पाप केलं असं वाटणारा माणूस झुरतो, पण मुलाची वाट बघतो. त्यांना माझी वाट बघायला लाव.

तू म्हणशील, देवाच्या नावानं खोटं कसं बोलू. तू मला दिलेला शब्द मोडलास, देवाचा पाळलास, आणि आपल्या दोघांतलं सगळं त्यात गेलं. बोट उद्या सुटते. तू गेलास की नाही, हे मला कळणारही नाही. तुझ्यावर पुन्हा भरवसा ठेवायचा नाही असं ठरवून मी गाव सोडलं, आणि भरवसा ठेवायला माझ्याजवळ दुसरं माणूस नाही.

जा, रवळ्या. एवढं खोटं माझ्यासाठी बोल.

परसू